एकतिसाव्या पानावरची ओळ

दीक्षा कुरणे गडहिंग्लजच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण शिकवण्यापेक्षा हिंडण्यात तिचा जीव जास्त रमायचा. ती वारणानगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. झाडं तिला आधी पुस्तकात भेटली आणि रानात फार उशिरा. त्यामुळं शास्त्रीय नाव तोंडावर तयार असायचं, पण समोरचं झाड ओळखायला चष्मा पुसावा लागायचा. हे ती स्वतःच हसत हसत सांगायची, म्हणून दुसऱ्या कुणाला तिला हसायची सोय राहत नसे.

२००६ सालच्या दिवाळीनंतर हरळेकट्टीच्या ग्रामपंचायतीनं गावातल्या औषधी वनस्पतींची नोंद करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे वरून कागद आला. सरपंच गणपतराव तो कागद घेऊन कॉलेजात आले आणि प्राचार्यांनी दीक्षाकडं बोट दाखवलं. हरळेकट्टी बसनं पाऊण तासावर, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. निम्मं गाव घरात कानडी बोलतं, बाजारात मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही.

गावात कुणालाही औषधाचं विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "बसव्वाकडं जावा." बसव्वा सत्तरीची, काटक, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट. कावीळ झालेलं माणूस पंचक्रोशीतून तिच्या दारात यायचं. ती कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही.

दीक्षा पहिल्यांदा तिच्या ओसरीवर गेली तेव्हा मनाची तयारी करूनच गेली होती. म्हातारी माणसं पहिला प्रश्न आडनावाचा विचारतात, आणि उत्तर ऐकल्यावर पाण्याचा तांब्या कुठवर पुढं येतो हे बघायची तिला लहानपणापासून सवय होती. बसव्वानं तिला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "नाक कसं हाय तुझं?"

"म्हणजे?"

"वास येतोय का नीट? पडशाचं माणूस मला चालत न्हाय. निम्मी झाडं वासानं वळखायची असत्यात." असं म्हणत तिनं मुठीत काहीतरी चुरगाळून दीक्षाच्या नाकाखाली धरलं.

"निर्गुडी."

"व्हय. उन्हातली का सावलीतली?"

ते मात्र दीक्षाला सांगता येईना. "मग शिकाय लागंल," बसव्वा म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली. "ये आत, चुलीपुढं बस. हितं वारं लागतंय." आडनाव तिनं विचारलं ते चार महिन्यांनी, तेही वहीवर आपलं नाव लिहिलंय तसं तुझं बी लिहिलंय का, एवढं बघायला.

त्या वर्षभरात दीक्षानं एक्केचाळीस झाडांची नोंद केली. नाव, कानडी नाव, कुठला भाग वापरायचा, कशासाठी, किती, कुणी सांगितलं. रकाने वरूनच ठरून आले होते. पण बसव्वाचं बोलणं रकान्यात मावायचं नाही. एखाद्या पाल्याबद्दल विचारलं तर ती आधी तो पाला कुठल्या बांधावरचा घ्यायचा नाही हे सांगायची, मग कुठल्या महिन्यात तो निकामी होतो, मग कुठल्या माणसाला तो मानवत नाही. दीक्षा रकाना सोडून वहीच्या मागच्या पानांवर लिहीत सुटायची. पुस्तकं शिकलेल्या आपल्यासारखीला या बाईपुढं पाटी कोरी करून बसावं लागतंय, आणि तसं बसायला आपल्याला आवडतंय, हे तिच्या लवकरच लक्षात आलं.

बसव्वाचं खरं औषध म्हणजे देवडांगरी. कुंपणावर चढणारा वेल, त्याला सुपारीपेक्षा जरा मोठी काटेरी फळं. वाळलेलं फळ पाण्यात भिजवायचं आणि त्या पाण्याचे थेंब रोग्याच्या नाकात सोडायचे. किती फळं, किती पाणी, किती थेंब हे इथं लिहिलेलं नाही. का नाही ते पुढं कळेल. फळ काढायच्या आदल्या दिवशी बसव्वा वेलाला हळदकुंकू आणि अक्षता वाहून आवतण द्यायची, "उद्या सकाळी न्यायला येती, तयार ऱ्हा." सकाळी कुणाशी न बोलता जायची आणि हातानं फळ तोडायची. वेलाला लोखंड लावायचं नाही. एका माणसासाठी एकदाच.

हे सगळं नोंदवण्यासारखं होतंच. पण दीक्षाला जे बघून तोंडात बोट घालावं लागलं ते वेगळं होतं. औषध दिल्यापासून नवव्या दिवशी बसव्वा स्वतः रोग्याच्या घरी जायची. बोलावणं असो नसो, गाव जवळ असो की दोन बस बदलायला लागोत. रोग्याला अंगणात उन्हात उभं करायची, पापणी खाली ओढून डोळे बघायची, आणि तोवर त्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. ही तिच्या सासूनं घालून दिलेली रीत. सासू म्हणायची, गुण आलेली माणसं नारळ घेऊन आपल्या दारात येतात, गुण न आलेली येत नाहीत. घरी बसून राहणाऱ्याला वाटतं, आपलं औषध कधी चुकतच नाही.

एकदा दीक्षा तिच्याबरोबर अशा नवव्या दिवशी गेली. पलीकडच्या वाडीत एक तरणा गडी होता. बसव्वानं त्याचे डोळे बघितले, मग त्याच्या पायावर अंगठा दाबून बघितला, आणि अंगणात जमलेल्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणाली, "माझ्यानं झालं न्हाई. आजच्या आज गडहिंग्लजला दवाखान्यात न्या." घरचे म्हणाले, अजून चार दिवस बघूया की. बसव्वा दारातल्या दगडावर बसली आणि जीप येऊन रोगी तिच्यात चढेपर्यंत उठली नाही. दीक्षानं आयुष्यात बरीच शिकलेली, मोठमोठ्या खुर्च्यांवरची माणसं पाहिली होती. "माझ्यानं झालं नाही" हे वाक्य त्यांतल्या एकाच्याही तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. तो गडी वाचला. पण चाळीस वर्षांत अकरा माणसं वाचली नव्हती, आणि त्या अकराही जणांची नावं, घरं आणि शेवटचे दिवस बसव्वाला तोंडपाठ होते. तिनं ते सगळं दीक्षाला सांगितलं. दीक्षानं लिहून घेतलं.

पुस्तक छापायचं ठरलं ते २००८ च्या सव्वीस जानेवारीसाठी. गणपतरावांना झेंडावंदनानंतर प्रकाशन करायचं होतं. छापखान्याचा मालक हिशेबी माणूस. तो म्हणाला, "मॅडम, सोळा पानांचा एक फर्मा असतोय. चौसष्ट पानं म्हंजे चार फर्मे. तुमची अडुसष्ट व्हायला लागलीत. चार पानांसाठी पाचवा फर्मा कशाला? कायतरी काटा की."

काय काटायचं? सुरुवातीला सरपंचांचं मनोगत होतं, फोटोसहित. मग सदस्यांचे फोटो, मग पाहुण्यांच्या शुभेच्छा. त्यांना हात लावायची दीक्षाची छाती झाली नाही. मधली झाडांची पानं तर पुस्तकाचा प्राण. राहिली शेवटची चार पानं, ज्यांत तिनं वहीच्या मागच्या भागातलं सगळं एकत्र केलं होतं. वर मथळा होता, 'कोणाला देऊ नये'. ठरून आलेल्या रकान्यांत ते नव्हतंच. दुसऱ्या आवृत्तीत घालू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती चार पानं काढली. शिकल्यासवरल्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

तीनशे प्रती निघाल्या. निळं कव्हर, आत रंगीत फोटो. एकतिसाव्या पानावर देवडांगरी, आणि शेजारी डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्याकडं रागानं बघणारी बसव्वा. गावात घरटी एक पुस्तक वाटलं गेलं. उरलेली आसपासच्या गावांत आणि पाहुण्यांना गेली.

पुढं महिन्याभरानं बसव्वा ओढ्याकडच्या कुंपणावरून चालली होती. वेल सहज नजरेला पडला आणि ती थांबली. वाळलेली फळं पार वैशाखापर्यंत वेलावर लोंबकळत असतात, ती खालच्या अंगाची सगळी गेली होती. देठ तिरके कापलेले होते, विळ्यानं. तिला न विचारता त्या वेलाला गावातलं कुणी आजवर हात लावला नव्हता, कारण तो वेल नेमका कुठला हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आता गावाला फोटो मिळाला होता.

ती तशीच गावात शिरली. फळं कुणी चोरली असं तिनं विचारलं नाही. दारोदार एकच विचारत गेली, "कुणाच्या घरात कावीळ हाय?" तिसऱ्या गल्लीत चन्नाप्पाच्या घरात तिला उत्तर मिळालं. चन्नाप्पाची सून सौंदर्या खाटेवर बसली होती. डोळे हळदीसारखे, पोट पाच महिन्यांचं. कट्ट्यावर वाटी झाकून ठेवलेली आणि शेजारी चन्नाप्पा चष्मा लावून निळं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला.

"आज्जी, तू कशाला आलीस?" तो अजिजीनं म्हणाला. "गुडघं दुखत्यात तुझं, उगं तुला तरास नको म्हटलं. पुस्तकात सगळं दिलंय की, तुझ्याच नावानं."

बसव्वानं वाटी उचलली आणि चुलीच्या राखेत ओतली. "पोटुशी हाय ती! हे पाणी तिला? जीव घेशील दोघांचा."

"पर पुस्तकात तसं काय न्हाई."

"वाच."

चन्नाप्पानं एकतिसावं पान मोठ्यानं वाचलं. बसव्वानं ते परत वाचायला लावलं. तिला अक्षरओळख नव्हती. आपलं पान ती पहिल्यांदाच ऐकत होती. फळ होतं, पाणी होतं, थेंब होते, तिचं नाव होतं. बाकी काही नव्हतं. तिनं सौंदर्याला आधी जीपमध्ये घालून गडहिंग्लजच्या दवाखान्यात धाडलं आणि मग ग्रामपंचायतीत जाऊन गणपतरावांना म्हणाली, "त्या पोरीला बोलवा."

दीक्षा पुढच्या बसनं आली. फोनवर तिला सगळं कळलं होतं. वाटेत तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण पंचायतीच्या खोलीत पाऊल टाकताच बसव्वानंच आधी विचारलं.

"मी सांगितलं न्हवतं का तुला?"

"सांगितलं होतं, आज्जी."

"लिवलं न्हवतंस?"

"लिहिलं होतं. मीच काढलं."

"का?"

दीक्षानं टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, घड्या घालून दाखवल्या आणि फर्मा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. बसव्वानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सरपंचाच्या फोटोला जागा गावली म्हण की."

गणपतराव पंख्याकडं बघायला लागले.

"पोरी," बसव्वा म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, "पोटुशीला देऊ नये हे मला कुणी शिकवलं न्हाई. सासूला बी ठावं न्हवतं. धोंडुबाईची थोरली लेक गेली तवा मला कळलं. पायाला सूज असंल तर देऊ नये, हे आकारामाच्या भावानं शिकवलं. अकरा माणसं खर्ची पडली तवा चार गोष्टी कळल्या. त्याच तेवढ्या तू काढल्यास."

दीक्षा रडली. गणपतराव उठून बाहेर पाणी आणायला गेले, तेवढं तरी त्यांना सुचलं. बसव्वानं तिला रडू दिलं आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "किती पुस्तकं हायत?"

"तीनशे."

"कुठं कुठं गेल्यात?"

"यादी आहे माझ्याकडं. आपण शुद्धिपत्र छापू आज्जी. चिठ्ठी छापून सगळ्यांना वाटू, म्हणजे ते पानाला चिकटवतील."

"चिठ्ठी पडती. पोरं विमानं करत्यात तिची. आत लिवायचं, पेनानं, माझ्या फोटोच्या खाली. दुसऱ्या झाडांनी पोट बिघडंल, त्यांची तू चिठ्ठी चिकटव. हिनं जीव जातोय. हिचं हातानं लिवायचं." ती उठली. "चल."

"आत्ता?"

"मग कवा?"

पहिलं दार चन्नाप्पाचंच होतं. दीक्षानं पान उघडून लिहिलं: 'पोटुशी बाई, लहान मूल, पायाला सूज असलेला किंवा नाकातून रक्त येणारा रोगी, यांना हे औषध मुळीच देऊ नये. आधी दवाखान्यात न्यावे. बसव्वा.' चन्नाप्पानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बसव्वानं दारात उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या नावानं जे छापलंय ते अर्धं हाय. माझ्यानं चूक झाली."

दुसऱ्या दारातही ती तेच म्हणाली. चाळीस वर्षं जिच्या शब्दावर माणसं जीव टाकत आली होती ती बाई दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन दारोदार सांगत होती, कारण पानावर नाव तिचं होतं. दीक्षाला ते ऐकवेना. तिसऱ्या दारात बसव्वानं तोंड उघडायच्या आत ती पुढं झाली. "आजींनी मला सगळं सांगितलं होतं. मी छापलं नाही. चूक माझी आहे." बसव्वानं नुसती मान हलवली, आणि पुढच्या दारापासून बोलायचं काम आपसूक दीक्षाकडं आलं. पहिल्या दहा-बारा घरांत तिची जीभ जड झाली. नंतर होईना. खरं बोलायचीही सवय लागते, हे तिला त्या गल्लीत कळलं.

घरोघरी पुस्तकाचं जे काही चाललं होतं ते बघून दीक्षाचा लेखिका म्हणून असलेला उरलासुरला तोरा उतरला. एका घरात ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होतं. एका घरात खाटेचा पाय त्यावर टेकवला होता. अंबूबाईनं तर ते देवळीत ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं होतं.

"वाचलंय का?" बसव्वानं विचारलं.

"न्हाई गं. पूजा करती की रोज."

"हे एक बरं केलंस," बसव्वा म्हणाली. पण ते पुस्तकही तिनं देवळीतून काढायला लावलं, आणि कुंकवानं लाल झालेल्या बोटांनी दीक्षानं त्यात ओळ लिहिली. प्रत्येक घरात ती ओळ घरातल्या कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय बसव्वा उंबरा सोडत नव्हती.

गाव आठवड्यात झालं. मग आसपासची गावं. कॉलेज सुटलं की दीक्षा बस पकडायची आणि बसव्वा फाट्यावर उभी असायची, हातात काठी, काखेत पिशवी. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पाच पुस्तकं गेली होती. त्यासाठी बसव्वा आयुष्यात दुसऱ्यांदा कोल्हापूरला आली. तिथं एक पुस्तक तालमीत निघालं. ताकदीचं काही औषध आहे का म्हणून पैलवान मंडळी ते हातोहात फिरवत होती. "आज्जी, लिव्हा की, आम्ही काय पोटुशी हाय व्हय?" एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. बसव्वाही हसली. मग म्हणाली, "तुझी बायको असंल की कवातरी." त्या गड्यानं ओळ दोनदा वाचली.

मार्च संपेपर्यंत दोनशे नव्याण्णव पुस्तकं झाली. या महिन्याभरात सौंदर्याही दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. तिला घरी आलेली बघून बसव्वानं चन्नाप्पाच्या घरी पोटभर जेवण केलं. आता एकच पुस्तक राहिलं होतं. गणपतरावांनी बरंच डोकं खाजवल्यावर कबूल केलं की एक प्रत त्यांनी बसमध्ये एका माणसाला दिली होती. "गडहिंग्लजहून येत हुतो. शेजारी एक पावणं बसलतं. बघाय मागितलं, त्याला आवडलं, दिलं. कानडीत बोलत हुता. नाव इचारलं न्हाई." आणि मग त्यांनी सरपंचाला शोभेल असा निकाल दिला, "जाऊ द्या आता आज्जी. एका पुस्तकानं काय हुतंय?"

"चन्नाप्पाच्या घरात किती हुती?" बसव्वानं विचारलं. गणपतरावांनी परत पंख्याकडं बघितलं.

त्यानंतर बसव्वानं जे केलं ते दीक्षाला कधीच सुचलं नसतं. दर आठवडी बाजाराच्या दिवशी ती सकाळच्या बसनं गडहिंग्लजला यायची आणि एसटी स्टँडवर कर्नाटकातल्या संकेश्वरच्या गाड्या लागतात तिथल्या बाकड्यावर बसायची. मांडीवर निळं पुस्तक, एकतिसावं पान उघडलेलं. कधी कधी ते उलटं धरलेलं असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला मराठीत नाहीतर कानडीत विचारायची, "असलं पुस्तक कुणाच्या घरात बघितलंय का?"

लोकांना वाटायचं म्हातारी पुस्तकं विकते. "केवढ्याला?" म्हणून विचारायचे. "इकत न्हाई. ऐका फक्त," असं म्हणून ती चार गोष्टी सांगायची. पोटुशी, लहान मूल, पायाची सूज, नाकातलं रक्त. काही जण थांबून ऐकायचे, काही जण गाडी सुटतेय म्हणून पळायचे. हळूहळू कंडक्टर तिला ओळखायला लागले. एक कंडक्टर तर गाडीत तिकिटं फाडताना स्वतःच विचारायचा, निळं पुस्तक कुणाकडं आहे का. दीक्षा तास संपवून स्टँडवर यायची, बसव्वासाठी चहा आणायची आणि शेजारी बसायची. तिला बघून तिचे विद्यार्थी लांबूनच वळायचे. आधी दीक्षाला त्याची लाज वाटली, मग त्या लाजेची लाज वाटली, आणि मग दोन्ही गेल्या.

"आज्जी, सापडलं नाही तर?" एकदा तिनं विचारलं.

"न्हाई तर न्हाई. पर मी घरात बसली आन् न्हाई सापडलं, असं नको."

एप्रिल गेला. मे महिन्यातल्या एका बाजाराला उन्हानं स्टँडवरचं डांबर मऊ झालं होतं. संकेश्वरच्या गाडीतून एक साठीचा माणूस उतरला. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. तो सरळ बाकड्याकडं आला, बसव्वाच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं आणि पिशवीतून तसंच निळं पुस्तक काढलं.

दीक्षा ताडकन उठली. पेन तिच्या हातात कधी आलं तेही तिला कळलं नाही. तिनं पुस्तक जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि एकतिसावं पान काढलं. बसव्वाच्या फोटोखाली निळ्या शाईत तीन ओळी आधीच लिहिलेल्या होत्या. गोल, वळणदार कानडी अक्षरं. दीक्षाला कानडी वाचता येत नव्हतं आणि बसव्वाला काहीच वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?" बसव्वानं त्या माणसाला विचारलं.

त्यानं आधी कानडीत वाचलं आणि मग दीक्षासाठी मराठीत सांगितलं. पोटुशीला नको. लहान पोराला नको. पाय सुजला असेल तर नको, नाकातून रक्त येत असेल तर नको. दवाखान्यात न्या. खाली लिहिलं होतं, गडहिंग्लजच्या स्टँडवरची आज्जी सांगती.

"कुणी लिवलं हे?"

"शेजारच्या पोरीनं. माझ्या मालकिणीला लिवाय येत न्हाई. ती एप्रिल लागल्यावर बाजाराला आलती, तवा तुमी हितं सांगत हुता म्हणं. घरी आली आन् हे पुस्तक काढून त्या पोरीकडनं लिवून घेतलं. मी तर हसलो तिला." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "तिनंच आज धाडलंय. म्हणाली, जावा आन् त्या आज्जीला दावून या."

बसव्वा त्याच्याकडं निरखून बघत होती. नुसतं पुस्तक दाखवायला एवढ्या उन्हात कुणी गाडी पकडून येत नाही, हे तिला कळत होतं.

"घरात कावीळ कुणाला झालती?"

तो माणूस बाकड्याच्या कडेवर बसला. "सुनंला. तिसरा म्हैना हुता. माझ्या कुंपणाला हाय हा वेल. मी विळा घेऊन निघालतो. मालकिणीनं दारात आडवं हून पुस्तक पुढं धरलं. वाच म्हणाली." त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली. "दवाखान्यात न्हेलं. तीन आठवडं हुती. डॉक्टर म्हणाला, दोघंबी हायत."

दीक्षाला समोरच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. बसव्वानं विचारलं, "डोळं कसं हायत आता तिचं?"

"पांढरं. पार पांढरं हायत."

"उन्हात बघितलंस का?"

"उन्हातच बघितलं की."

बसव्वानं समाधानानं मान हलवली. दीक्षानं पुस्तक मांडीवर घेतलं, कानडी ओळींखाली जागा शोधली आणि पेन टेकवलं. तीनशेवं पुस्तक होतं. आपल्या हातानं तीनशे पुरी करायची असं तिनं मनाशी किती दिवस धरलं होतं.

बसव्वानं तिच्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. लिवलंय की तिनं."

दीक्षानं ते पान आणखी एकदा बघितलं, पेनला टोपण लावलं आणि पुस्तक त्या माणसाला परत दिलं.